दुखण्याचा हेवा

“माताजी, बधाई हो. नलियाँ एकदम साफ हैं,” असं डॉक्टर म्हणाले आणि मला रडू फुटलं.

त्यांना वाटलं, मी आनंदाने रडते आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. मनगटावर घट्ट पट्टी बांधलेली, हात उशीवर ठेवलेला आणि मी टेबलावर आडवी. सात महिने माझ्या छातीत दुखत होतं. जिना चढताना, गव्हाचा डबा उचलताना, कधी नुसती कणीक मळतानासुद्धा. दुखणं छातीतून जबड्यापर्यंत जायचं आणि पाच-दहा मिनिटं तिथेच ठाण मांडून बसायचं. त्याचं कारण आज सापडणार होतं. ते सापडलं नाही.

बाहेर आमचे हे उभे होते. चार वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर ह्यांची अँजिओग्राफी झाली होती. अँजिओग्राफी म्हणजे हातातून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, औषध सोडून, रक्तवाहिन्यांचा फोटो काढणं. ह्यांची एक वाहिनी नव्वद टक्के तुंबलेली निघाली होती आणि दुसरी पंच्याऐंशी. माझ्या तिन्ही साफ. त्या घटकेला मला ह्यांच्या नव्वद टक्क्यांचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायकांसाठी. ज्यांना दुखतं आणि रिपोर्टात काही येत नाही, त्यांच्यासाठी. मी फार शहाणी आहे म्हणून नाही. माझ्या हातून एक मूर्खपणा झाला, तो तुमच्या हातून होऊ नये म्हणून.

माझं नाव मंगला, वय एकसष्ट. माहेर नागपूरचं. लग्न होऊन भोपाळला आले, कारण हे इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनीयर होते. पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनची छोटी मॉडेलं करून त्यांची चाचणी घ्यायची, हे ह्यांचं काम. तीस वर्षं टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये काढली. मी तिथल्या बालवाडीत शिकवायची. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर जवळच सोनागिरीत घर बांधलं, म्हणजे बाजारही तोच, माणसंही तीच आणि कारखान्याचं हॉस्पिटलही तेच. मेडिकल बुकावर वर ह्यांचा फोटो, खाली माझा, आणि माझ्यापुढे लिहिलेलं, पत्नी, आश्रित.

ह्यांना दोन स्टेंट बसले तेव्हा आमच्याकडे जत्रा भरली होती. लॅबमधले सगळे आले, युनियनवाले आले, नागपूरहून दोन्ही नणंदा आल्या. मी पंधरा दिवस चहा करत होते. हे पलंगावर उशांना टेकून बसायचे आणि अँजिओग्राफीची सीडी लॅपटॉपवर लावून दाखवायचे. “हे बघा, इथे नव्वद टक्के. आणि हे बघा, स्टेंटनंतर.” पाहुणे हळहळायचे. सकाळी फिरायला जाणाऱ्या ह्यांच्या मंडळीत तर एकमेकांना विचारतात, “आपके कितने?” “दो.” “मेरे तीन.” पूर्वी ग्रेड विचारायचे, आता स्टेंट विचारतात.

मला राग येतो तो ह्या गोष्टीचा, की त्या दिवसापासून आमच्या घरात हृदय एकच उरलं. त्याच्यासाठी बिनतेलाची भाजी, त्याच्यासाठी वेगळं मीठ, त्याच्या गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर. मला दुखायला लागलं तेव्हा मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “घाम आला का?”

“नाही.”

“डावा हात जड झाला?”

“नाही. जबडा दुखतो.”

“मग ते हार्टचं नाही. हार्टचं दुखतं तेव्हा छातीवर हत्ती बसतो, मंगल. मला माहीत आहे ना.”

त्यांना माहीत आहे म्हटल्यावर विषय संपला. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, “आई, गॅस असेल. बाबांची काळजी करून करून तुला होतंय.” म्हणजे माझं दुखणंसुद्धा बाबांचंच.

अँजिओग्राफी साफ आल्यावर तर काय, सगळ्यांचीच सुटका झाली. मला पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग झोपेच्या. “टेन्शन मत लीजिए,” असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. मी मात्र जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि कोणी पाहिलं तर पदर सारखा केल्यासारखं करायची. असे आणखी चार महिने गेले.

कारखान्याच्या हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून एकदा बाहेरून एक डॉक्टर मॅडम यायला लागल्या. वय असेल चाळीस. ह्यांच्या तपासणीसाठी आम्ही गेलो होतो. ह्यांचं बी.पी. बघता बघता त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आप सीढ़ी चढ़कर आई हैं, अभी तक हाथ छाती पर है.”

मी हात खाली घेतला. मग सगळं सांगितलं. हे मध्येच म्हणाले, “मॅडम, इनका एंजियो नॉर्मल है.”

मॅडम म्हणाल्या, “सर, एंजियो में सिर्फ बड़ी नलियाँ दिखती हैं. मसल के अंदर जो बारीक नलियाँ हैं, वो उसमें दिखती ही नहीं. बड़ी सड़क खुली है, इसका मतलब ये नहीं कि हर घर में पानी पहुँच रहा है.”

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. हे गप्प झाले, ते पाहून तर जास्तच बरं वाटलं.

त्यांनी एक तपासणी सुचवली. स्ट्रेस परफ्यूजन एमआरआय. परफ्यूजन म्हणजे हृदयाच्या स्नायूत रक्त मुरणं. आधी एक औषध देऊन हृदयाला जोराने धावल्यासारखं करतात, तो झाला स्ट्रेस. मग शिरेतून एक रंगद्रव्य सोडतात आणि ठोक्यागणिक हृदयाचा फोटो घेतात. स्नायूच्या प्रत्येक कणात ते द्रव्य किती वेगाने चढलं आणि उतरलं ते बघून कॉम्प्युटर हिशोब मांडतो, की एका ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती रक्त मिळतंय. हा हिशोब म्हणजे रक्तप्रवाहाचं मॉडेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहिन्यांचा प्रवाह त्याने आकड्यात येतो. निरोगी माणसाचं रक्त ताण दिल्यावर दुप्पट किंवा त्याहून जास्त वाढतं.

ही सोय शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नवीन आली होती आणि हिशोब दुसऱ्या शहरातून होऊन यायचा. आमच्या हॉस्पिटलची रेफरल कमिटी बसून मंजुरी देणार, मग तारीख मिळणार. ह्यात पाच आठवडे गेले.

मॅडमनी तपासणी सुचवली त्या दिवशी घरी येऊन मी अजून चपला काढते तोच ह्यांनी स्वयंपाकघरातून मीठ आणलं. “हे तर आमचंच काम! मोठ्या पाइपात प्रवाह मोजायचा असला की आम्ही वरून मिठाचं पाणी सोडायचो आणि खाली किती वेळात किती खारट येतं ते मोजायचो. तुझ्या हार्टमध्ये तेच करणार. मॉडेल म्हणजे काय, तर…” हे अर्धा तास बोलले. समजलं मला सगळं, चांगलंच समजलं. पण माझा जीव जळला. आयुष्यात पहिल्यांदा माझं असं काहीतरी निघालं होतं, तेही ह्यांनी आपल्या लॅबमध्ये ओढून नेलं.

तपासणीचा कागद मिळाला. त्यावर ठळक लिहिलं होतं, चोवीस तास आधी चहा, कॉफी, कोको, थंड पेयं पूर्ण बंद. चहातलं कॅफिन त्या औषधाचा रस्ता अडवतं. औषध लागूच होत नाही. कागद मी वाचला, घडी घातली आणि ह्यांच्या जाड फाइलमध्ये मागे ठेवून दिला. ह्यांनी तो पाहिला नाही.

आदल्या दिवशी सकाळी नऊला शेवटचा चहा घेतला. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. चाळीस वर्षांची सवय. पण पाळलं. संध्याकाळचा सोडला, दुसऱ्या दिवशी सकाळचाही सोडला. तपासणी अकराला होती.

आठ वाजता शेजारच्या तिवारी भाभी आल्या. हातात त्यांच्या झाडाची पपई. मी सवयीने म्हटलं, “भाईसाब अंदर हैं, आइए.”

त्या म्हणाल्या, “भाईसाब से क्या काम? मैं तो आपको देखने आई हूँ, दीदी. आज आपकी जाँच है ना?”

मला बघायला! मी पदर सारखा करून खुर्चीत बसले. सात आणि चार महिने, वर पाच आठवडे, एवढ्या काळात माझ्या दुखण्याची चौकशी करायला आलेलं हे पहिलं माणूस. भाभींनी विचारलं, कुठे दुखतं, कसं दुखतं, आणि मी सांगत गेले, अगदी तब्येतीने. आत भांडी वाजली. थोड्या वेळाने हे ट्रे घेऊन आले. तीन कप चहा. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्या माणसाने गॅस पेटवलेला मी पाहिला नव्हता. चहापत्ती मुठीने टाकलेली असावी, रंग विटेसारखा आला होता.

“घे मंगल. आज तू बस,” हे म्हणाले.

मला कागद आठवला. शब्द न शब्द आठवला. पण पाहुणी माझ्यासाठी आलेली, चहा ह्यांच्या हातचा, आणि “नको” म्हणाले असते तर तो क्षण गेला असता. तेवीस तास तर पाळलंच आहे, एका कपाने काय आकाश कोसळतंय, असं मनाशी म्हटलं आणि अख्खा कप प्याले. कडूजहर होता. इतका चांगला चहा मी कधी प्याले नव्हते.

हॉस्पिटलात टेक्निशियनने फॉर्म पुढे केला. “चाय-कॉफी तो नहीं ली, माताजी?”

“नहीं भैया,” मी म्हटलं आणि सही केली. खरं बोलले असते तर तारीख गेली असती, पुन्हा कमिटी, पुन्हा पाच आठवडे. आणि वर सगळे म्हणाले असते, एवढंसुद्धा पाळता येत नाही.

ज्यांचा एमआरआय व्हायचा आहे त्यांनी घाबरू नका. बोगद्यासारखं यंत्र असतं, ठकठक आवाज होतो, कानाला हेडफोन देतात आणि मधून मधून श्वास धरायला सांगतात. औषध सुरू झालं की छातीवर दडपण येईल, धाप लागेल, घाबरायचं नाही, दोन-चार मिनिटांत जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. मी दडपणाची वाट बघत पडून राहिले. काही झालं नाही. “कुछ लग रहा है?” असं टेक्निशियनने दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाही. मनात म्हटलं, ह्यांच्यापेक्षा मीच खंबीर.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मॅडमनी स्क्रीनवर माझ्या हृदयाची चकती दाखवली. सगळी निळी. निळा म्हणजे कमी रक्त. ताण दिल्यावर रक्त दुप्पट व्हायला हवं, ते माझं फक्त एक पूर्णांक दोन पट झालं होतं. मॅडम म्हणाल्या, “माइक्रोवैस्कुलर एंजाइना. आप सही कह रही थीं.” मायक्रोव्हॅस्क्युलर म्हणजे बारीक वाहिन्यांचा आजार. त्या वाहिन्या गरज पडली तरी उघडतच नाहीत.

मला काय वाटलं म्हणून सांगू! आजार निघाला म्हणून इतकी खूश झालेली बाई त्या हॉस्पिटलने पाहिली नसेल.

मग पुढे पंधरा दिवस माझे होते. मुलीने फोनवर माफी मागितली. नणंदेने नागपूरहून व्हिडिओ कॉल केला. फिरायला जाणारी मंडळी घरी येऊन गेली आणि हे त्यांना सांगत होते, “हमारा तो सीधा-सादा ब्लॉकेज था. इनका केस कॉम्प्लिकेटेड है. एक पॉइंट दो!” मंडळी हळहळली. मी उशांना टेकून बसले होते. हे स्वयंपाकघरात शिकत शिकत वरण-भात करायचे, धुणं वाळत घालायचे. मला उठू द्यायचे नाहीत.

पण खाई त्याला खवखवे. रिपोर्टाच्या दिवशी मॅडमनी जाता जाता एक वाक्य म्हटलं होतं, “आँकड़ा इतना कम है कि मैं पूछती, चाय तो नहीं पी थी, पर आपने तो फॉर्म में लिखा ही है.” आणि त्या हसल्या होत्या. मीही हसले होते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की ते वाक्य आठवायचं. आजार माझा होता की चहाचा होता? खरं सांगितलं, पुन्हा तपासणी झाली आणि साफ आली, तर? मग जन्मभर गॅस. वर खोटारडी. ह्यापुढे मी मेले तरी कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा गप्प बसणं बरं, असं मी पंधरा दिवस ठरवत होते.

सोळाव्या दिवशी घरातली कणीक संपली. आमच्याकडे वर्षाचा शरबती गहू भरलेला असतो आणि दहा किलोचा डबा चक्कीवर न्यायचा असतो. तो नेहमी मी न्यायची, कारण ह्यांना वजन उचलायची मनाई आहे. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर डबा जागेवर नव्हता.

हे अर्ध्या तासाने आले. फाटकातून मी पाहिलं. डबा पायरीवर टेकवला आणि हे त्याच्याशेजारी बसले. चेहरा पिठासारखा पांढरा. एक हात छातीवर. दुसऱ्या हाताने खिशातली जिभेखालची गोळी चाचपत होते.

मी धावले. गोळी काढून दिली. पाठीला हात लावला तर सदरा घामाने भिजलेला. पाच मिनिटं आम्ही तिथेच बसलो. मला दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच की ह्या माणसाला काही झालं तर ते माझ्या एक पॉइंट दोनमुळे होईल.

“कशाला गेलात?” मी ओरडले.

“तू कशी नेणार? तुझं तर माझ्याहून वाईट आहे,” हे म्हणाले.

तेव्हा सांगून टाकलं. कागद, चोवीस तास, भाभी, चहा, खोटी सही, सगळं. पायरीवर बसूनच सांगितलं. हे ऐकत राहिले. मला वाटलं, आता भडकतील.

“मी केलेला चहा?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अख्खा कप?”

“अख्खा.”

“अगं, मला तो पिववला नाही. मी मोरीत ओतला.”

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे गेलो. ह्यांना त्यांनी तपासलं, ईसीजी काढला, औषध वाढवलं, डब्याबद्दल झापलं. मग मी माझं सांगितलं. मॅडमचा चेहरा कडक झाला. “आपने साइन किया है, माताजी. इसी आँकड़े पर मैं अगले महीने आपकी दवा बढ़ाने वाली थी.” मी मान खाली घातली. त्यांनी माझे फोटो पुन्हा उघडले आणि हृदयाच्या बाजूला एका पांढुरक्या गोळ्यावर बोट ठेवलं. ती प्लीहा, पोटात डावीकडे असते. औषध नीट लागू झालं की प्लीहेचं रक्त आटतं आणि ती फोटोत काळी पडते. माझी काळी पडलीच नव्हती. मॅडमनी रिपोर्टाचं शेवटचं पान काढलं. तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. ती ओळ त्यांनी वाचली. मग म्हणाल्या, “मुझे भी ये लाइन पढ़नी चाहिए थी. फिर से करेंगे.”

पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा रेफरल कमिटी. एकदा मंजूर झालेली तपासणी परत का, ह्याचं लेखी कारण हवं. ह्यांनी टेबलावर बसून, चष्मा लावून, ऑफिसात लिहायचे तसा अर्ज लिहिला. “सविनय निवेदन है कि प्रार्थी की पत्नी ने जाँच से पूर्व एक कप चाय का सेवन किया था. उक्त चाय प्रार्थी द्वारा स्वयं बनाई गई थी, अतः इस त्रुटि का दायित्व प्रार्थी का है.” खाली सही, हुद्दा, निवृत्त, स्टाफ नंबर. मी म्हटलं, “अहो, चहा तुम्ही केला, पण खोटं मी बोलले.” हे म्हणाले, “इतकं बारीक कमिटी वाचत नाही.” काउंटरवरच्या बाबूने मात्र शब्द न शब्द वाचला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

ह्या खेपेला मी दोन दिवस चहाला शिवले नाही. तिवारी भाभींना आधीच सांगून ठेवलं. औषध शिरेतून गेलं आणि अर्ध्या मिनिटात छातीवर काहीतरी येऊन बसलं. धाप लागली. कान तापले. आता मरते, असं वाटलं. आणि त्या बोगद्यात मला कळलं की हाच ह्यांचा हत्ती. हा ह्यांनी अंगावर घेतला होता आणि मी चार वर्षं त्याचा हेवा करत होते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे काही उगीच म्हणत नाहीत.

आकडा काय आला ते सांगून टाकते. एक पूर्णांक सहा. आजार आहे. पहिल्या रिपोर्टाइतका भयंकर नाही, पण खरा आहे, माझा आहे, चहाचा नाही. दोन गोळ्या चालू आहेत, रोज सपाट रस्त्यावर चालणं आहे, दुखणं निम्म्यावर आलं आहे. पूर्ण जाणार नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आणि माणसाचा स्वभाव बघा, एक पॉइंट सहा ऐकल्यावर मला माझ्याच एक पॉइंट दोनचा हेवा वाटला. तो आकडा दाखवायला किती छान होता.

बायांनो, जबडा दुखत असेल, पाठ दुखत असेल, दमायला होत असेल आणि अँजिओग्राफी साफ असेल, तरी विचारा, की स्नायूला रक्त मिळतंय का. सूचनांचा कागद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. घोटभर चहा हासुद्धा चहाच असतो. आणि चूक झाली तर फॉर्मवर खरं लिहा, तारीख गेली तर गेली. यंत्र बिचारं प्रामाणिक असतं, त्याला आपण जे घालू तेच ते मोजतं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. स्वतःचं चुकलं हे पेशंटसमोर म्हणणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

एक गोष्ट राहिली. दुसरा रिपोर्ट हॉस्पिटलातून ह्यांनीच आणला. मी बरामद्यात मेथी निवडत होते. हे समोर बसले, बंद लिफाफा मांडीवर ठेवला आणि उघडेनात.

“उघडा ना,” मी म्हटलं. माझ्याकडून मेथीची पानं आणि देठं एकत्र व्हायला लागली होती.

“आधी मी बोलतो,” हे म्हणाले. “ह्यात नॉर्मल आलं असेल तरी तुला दुखतं. ते मी पाहिलं आहे. जिन्यात मधल्या पायरीवर थांबतेस, तेव्हा मी खालून बघत असतो. आधी बोललो नाही, चुकलं माझं.”

वर्षाहून जास्त मी ह्या एका वाक्यासाठी यंत्रात शिरत होते. त्या लिफाफ्यात काय असेल त्याची भीतीच गेली माझी. मी डोळे पुसले, मेथी बाजूला सारली आणि म्हटलं, “आता उघडा.”